कवडीटोल्याचा मुका फोन

१

सुखराम मेला तेव्हा त्याच्या हातात फोनचा रिसीव्हर होता.

भैय्यालालच्या राइस मिलचा तो राखणदार. बाजाराचा दिवस होता, मिल बंद, हमाल-मजूर सगळे बाजारात, आणि खुद्द भैय्यालाल धानाचा सौदा करायला करडीला गेलेला. भरदुपारी कोंडाघराला आग लागली. धानाचा कोंडा भडकत नाही, धुमसतो. ज्वाळा थोड्या, पण धूर जीव घेणारा. लोक धावत आले, पाणी मारलं, तोंडाला ओलं फडकं बांधून दोघं जण ऑफिसात शिरले. सुखराम खुर्चीवर बसलेला होता, डोकं टेबलावर, आणि रिसीव्हर कानाशी तसाच धरलेला. ऑफिसला आगीची झळसुद्धा लागली नव्हती. दार सताड उघडं होतं, आणि दारापलीकडे मोकळं अंगण.

धडधाकट गडी. उठून चार पावलं बाहेर का आला नाही?

कवडीटोल्याला उत्तर शोधायला वेळ लागला नाही. तो बंबाला फोन लावत बसला, फोन मेलेला होता, लावता लावता धुरानं त्याला गाठलं. आणि फोन मेला कशानं? तर डोमा लाइनमननं मुद्दाम वायर तोडली म्हणून. कारण थोडेच दिवस आधी पानठेल्यावर चारचौघांत डोमा बोलून बसला होता, "भैय्यालालचा फोन एक दिवस मुका होईन, तवा समजंन त्याले!"

भैय्यालालनं पोलिसांत तक्रार दिली. डोमाला चौकीत नेऊन बसवलं. टेलिफोन खात्यानं चौकशीसाठी निरीक्षक मधुकररावांना धाडलं, आणि धाडताना साहेब हळूच म्हणाले, "फार खोलात जाऊ नका. लाइनमनचं नाव लिहून टाका. खात्याची इभ्रत राहील, पोलिसांचंही काम होईल."

मधुकररावांचा स्वभाव आधीच तिखट. त्यात एस.टी. रस्त्यात बंद पडलेली, गुडघे धुळीनं माखलेले, आणि 'लिहून टाका' हे दोन शब्द कानात कुसळासारखे टोचत होते. लिहून टाकायचं म्हणजे एका माणसाची नोकरी जायची, वर खटला चालायचा. त्याच्या बायकोपोरांनी मग खायचं काय, हे साहेबांच्या टिप्पणीत कुठं बसत नव्हतं.

२

चौकीत डोमा भिंतीशी उकिडवा बसला होता. मधुकररावांना पाहून तो उठला, पण नजर वर उचलेना.

"तू असं बोललास?"

"बोललो जी. खोटं कायले सांगू? रागात बोललो. पन वायरीले हात नाई लावला."

"राग कशाचा?"

"त्यांच्या वाडीतल्या चिचेची फांदी वायरीवर येऊन राहिली होती. तोडतो म्हनलं, तं म्हने, माह्या झाडाचे पैशे कोन देईन? लाइन बिघडली का मंग बोंब मात्र माह्या नावानं. म्हून म्हनलं, का मुका होईन तवा समजंन."

जमादार खुर्चीत रेलून दात कोरत होता. "साहेब, एक्स्चेंजचं मीटर पाहून आलो आमी पंचासंगं. मिलच्या फोनचा आकडा त्या दिवशी जागचा हललाच नाई. भैय्यालालच्या दुकानाच्या फोनचा एकानं सरकला, बस. फोन चालू असता तं असं झालं असतं का?"

"आगीनंतर लाइन कुणी तपासली?"

"मीच गेलो जी," डोमा म्हणाला. "खांबापासून आतपर्यंत पाह्यली. कुठं तुटली नवती, काई नाई."

"घ्या!" जमादार हसला. "त्यानंच तोडली, त्यानंच जोडली. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर म्हनाव."

मधुकररावांचं डोकं फिरलं, कारण जमादाराचं बोलणं बिनचूक जुळत होतं. एक्स्चेंज म्हणजे भाड्याच्या खोलीतलं एक कपाट. ते आपोआप चालायचं, डोमा दिवसभर खांबांवर असायचा आणि किल्ली त्याच्याच कमरेला असायची. संशय घ्यायला दुसरं माणूसच नव्हतं. मीटर तरी काही बोलेल म्हणावं, तर ते मेलं नुसते कॉल मोजतं. कोण किती वेळ बोललं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

ही मधुकररावांची जुनी ठसठस. ट्रंक कॉल असला की तीन मिनिटं झाल्याबरोबर ऑपरेटर मध्ये तोंड घालते, आईची तब्येत विचारायची राहून जाते. पण गावातल्या गावात कॉल लागला की दोन शब्द बोला नाहीतर पुराण सांगा, दर एकच. ज्यानं लाइन जितका वेळ धरली त्यानं तितकं द्यावं, असं त्यांनी वरिष्ठांना कितीदा तरी सुचवलं होतं. 'विचाराधीन आहे' एवढंच उत्तर यायचं. पुढं पुढं तेही येईना. कॅन्टीनमधले सोबती त्यांना 'मिनिटराव' म्हणून हाक मारायचे.

ते तिरीमिरीत चौकीबाहेर पडले. मागून डोमा एवढंच म्हणाला, "साहेब, आता तुमीच हाव जी."

त्या वाक्यानं त्यांची चिडचिड आणखीच वाढली.

३

गावात फोन मोजकेच. सरपंच श्यामराव यांच्या घरी एक होता. त्यांचीही राइस मिल, आणि भैय्यालालशी त्यांचं हाडवैर. म्हणजे संशय घ्यायला हे दुसरं माणूस निघालं, असं मनाशी म्हणत मधुकरराव त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले.

"माह्यावर डाउट घेऊन राहिले काय?" श्यामरावांनी चहा पुढं करत विचारलं. "घ्या, घ्या. पन मी त्या दिवशी दिवसभर बजारात होतो, सगळ्यांच्या डोयासमोर. दुपारी फक्त जेवाले घरी आलो. आन् मेलेल्याची शपत, मी तं उलटा त्याच दुपारी भैय्यालालले फोन लावून पाह्यला होता. धानाच्या भावाचं इचाराचं होतं."

"लागला?"

"कायचा लागते! त्याचा फोन कवाबी लावा, एंगेज. मिलमंदी लावा, एंगेज. दुकानात लावा, एंगेज. त्या दिवशीबी तेच. आन् मजा पाहा साहेब, बिल पाहाल तं साऱ्या गावात कमी त्याचं. तो मुद्दाम दाखवते ना चौकात! आमची बाई भाजी काय केली एवढं इचाराले फोन उचलते, तं आमचं बिल फुगून राहिलं. हा कोन्ता न्याय आहे तुमच्या खात्याचा?"

मधुकररावांचा चहाचा कप तोंडाशीच थांबला. "त्या दुपारी एंगेज होता? नक्की? घंटी नुसती वाजत राहिली, असं नाही?"

"आता टूं-टूं आन् घंटी, एवढं तं समजते ना मले!"

तुटलेल्या लाइनवर फोन लावला, तर लावणाऱ्याला घंटी वाजल्याचा भास होत राहतो. पलीकडे कुणी उचलत नाही, इतकंच. एंगेज येतो तो लाइन चालू असेल तरच. म्हणजे ज्या वेळी मिलचा फोन मेला म्हणून सारं गाव सांगत होतं, त्या वेळी तो जिवंत होता. आणि कुणीतरी तो अडवून बसलं होतं.

पण मग मीटर का हललं नाही?

४

सुखरामची बायको रंभाबाई मिलमागच्या झोपडीत राहायची. मधुकरराव गेले तेव्हा ती सुपात तांदूळ घेऊन बसली होती, पण निवडत नव्हती.

"वायर कोनं तोडली ते सापडलं का जी?"

"शोधतोय. सुखराम घाबरट होता का हो?"

"तो?" ती एकदम उसळली. "कोंडाघरात अजगर निघाला होता तं यानं हातानं धरून बाहीर नेला. आगीले भ्याला म्हून जाग्यावर बसून राह्यला, असं जो म्हन्ते ना, त्याच्या तोंडात माती. तो फकस्त त्या फोनले भ्याचा."

"फोनला?"

"एक डाव त्यानं फोन ठेवला, म्हून मालकानं रोजी कापली होती. तवापासून त्या फोनजवळ गेला का त्याचा जीव वरखाली होये."

कुठं ठेवला असेल बिचाऱ्यानं, मधुकररावांच्या मनात आलं. ओल्यात ठेवला असेल, नाहीतर खाली. भैय्यालालसारखा माणूस तेवढ्यावरूनही रोजी कापायचा. त्यांनी विषय बदलला. "आगीची खबर तुम्हाला कशी लागली?"

"मी बजारात होती कांदे घेत. तं रत्नाबाई, आमची मालकीन, दुकानातून बोंबलत आली. पायात चप्पल नाई, डोक्यावर पदर नाई. मिलले आग लागली, धावा, धावा, म्हने. तिच्या आंधी कोनाले ठावूकच नवतं. आमी सारेजन तिच्याच मांगं धावलो."

हे बोलताना तिच्या आवाजात मालकिणीविषयी माया होती. मधुकररावांनी ती ऐकली, आणि तिथून ते सरळ भैय्यालालच्या दुकानाकडे निघाले.

दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला, बाजाराला लागून. मध्ये तलाव, तलावाची उंच पाळ, पाळीवर चिंचेची दाट झाडं. दुकानाच्या पायरीवर उभं राहून मधुकररावांनी मिलच्या दिशेला मान उंचावून पाहिलं. चिमणीचं टोकसुद्धा दिसेना. आणि कोंड्याचा धूर जड, जमिनीलगत सरपटणारा. तो पाळ ओलांडून वर यायला किती वेळ गेला असेल, देव जाणे.

मग बाजारातल्या माणसांच्या आधी, इथं दुकानात बसलेल्या बाईला आग दिसली कशी?

५

भैय्यालाल गल्ल्यावर होता. गोरा, जाडजूड, बोलताना सारखा खिसा चाचपायची सवय. रत्नाबाई आतल्या दाराशी उभी होती.

"साहेब, एवढा नुकसान झाला माझा! मानूस गेला, तो येगळाच. डोमाले सोडू नका."

"फोन कधीपासून बंद होता?"

"सकाळपासूनच. दिवसभर मेल्यासारखा पडून."

"दुकानाच्या मीटरवर त्या दिवशी एक कॉल पडलाय."

भैय्यालालनं डोळे मिचकावले. दारातून रत्नाबाई बोलून गेली, "सकाळी मी एकच केला होता जी."

"हां, तो सकाळचा," भैय्यालालनं घाईनं तोंड घातलं आणि बायकोकडे असं पाहिलं की ती भिंतीला चिकटली. "त्याच्यानंतर मेला."

"कुणाला केला होता, बाई?"

"मिलमंदी."

"त्यानंतर दिवसभर केला नाही?"

"नाई जी. फोन तं एकच केला."

बाई खोटं बोलत नव्हती. तिचा चेहरा खोटं बोलायला शिकलेलाच नव्हता. पण ती सारखी फोनच्या बाजूला बघत होती. मधुकररावांनी पाणी मागितलं. ती आत जायला वळली, तशी त्यांची नजर फोनशेजारच्या पितळी गंजावर, पातेल्यासारख्या भांड्यावर गेली. भंडाऱ्याकडचा ठोक्याचा गंज, पसरट तोंडाचा, लखलखीत घासलेला.

"राहू द्या, यातलंच घेतो," म्हणत त्यांनी तो उचलला. आत पाण्याचा टिपूस नव्हता. तळाशी घडी घातलेलं फडकं होतं, आणि काठाला एका जागी सारखी घासून पडलेली खाच.

"ते प्याचं नाई जी!" रत्नाबाई जवळजवळ ओरडलीच.

"मग कशाचं?"

"असंच," भैय्यालाल म्हणाला. "शोभेचं."

शोभेचं भांडं! ज्या माणसानं वायरीवरची फांदी तोडू दिली नाही, तो म्हणे फोनशेजारी शोभेला पितळ ठेवणार. मधुकररावांच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळं समोर दिसत होतं आणि एकही गोष्ट दुसरीला चिकटत नव्हती. मीटर म्हणतं एक कॉल. श्यामराव म्हणतो एंगेज. मेलेला माणूस म्हणतो, म्हणजे म्हणत काहीच नाही, नुसता फोन धरून बसलाय.

ते तसेच तणतणत पाळ ओलांडून मिलच्या ऑफिसात गेले. भिंती काळवंडल्या होत्या, पण टेबलावरचा फोन शाबूत होता. आणि टेबलाखाली, पंचांनी पाण्याचं भांडं समजून बाजूला सारलेला, धुरानं काळा पडलेला दुसरा गंज. आत तसंच फडकं. काठाला तशीच खाच.

मधुकररावांनी रिसीव्हर उचलला आणि गंजात ठेवला. तो खाचेत अगदी बेतून केल्यासारखा बसला.

डायल टोन खोलीभर घुमायला लागला.

ते खुर्चीत बसले. सुखरामच्याच खुर्चीत. मग त्यांना 'फोन ठेवला' या दोन शब्दांचा अर्थ कळला, आणि ते ताडकन उठून उभे राहिले.

६

दुकानात जमादार होता, डोमा होता, श्यामराव बोलावल्याशिवायच आले होते. रंभाबाई पायरीवर बसली. भैय्यालालनं नाराजीनंच शटर अर्धं ओढलं.

"फोन मेला नव्हता," मधुकररावांनी सुरुवात केली. "ही पहिली गोष्ट. मेलेला फोन माणूस दोनदा आपटतो, शिवी देतो आणि पळतो. सुखराम तो कानाला लावून बसला, कारण त्याला त्यात काहीतरी ऐकू येत होतं. श्यामरावांना त्याच वेळी एंगेज मिळाला. तुटलेली लाइन एंगेज देत नाही. म्हणजे डोमानं वायर तोडली नाही. ती कुणीच तोडली नाही."

"आन् मीटर?" जमादार म्हणाला.

"मीटर कॉल मोजतं, वेळ नाही. एक कॉल म्हटल्यावर तुम्ही समजलात फोन बंद होता. मीही तेच समजलो, आणि मला तर समजायला नको होतं. तो एक कॉल सकाळी लागला आणि तुटलाच नाही. भैय्यालालजी, तुम्ही रोज सकाळी दुकानातून मिलला फोन लावता आणि दोन्हीकडचे रिसीव्हर या गंजांत घालून ठेवता. पितळेत आवाज घुमतो. इकडून हाक मारली की तिकडं ऐकू येतं. दिवसभर मिल आणि दुकान एका खोलीत असल्यासारखं. म्हणून तुमचा फोन कायम एंगेज, आणि म्हणूनच तुमचं बिल गावात सगळ्यांत कमी."

श्यामरावांनी कपाळावर हात मारला. "आयला! आन् आमी इथं भाजी इचारून कंगाल होऊन राहिलो!"

"रत्नाबाईंना आग दिसली नाही," मधुकरराव पुढं म्हणाले. "पाळीआडून दिसूच शकत नाही. त्यांना ती ऐकू आली. या गंजातून."

भैय्यालालचा चेहरा लाल झाला, पण डगमगेल तो भैय्यालाल कसला. "मंग? यात कोन्ता कायदा तोडला मी? फोन एक केला, एकाचे पैशे भरले. फोन करनं येगळं आन् लाइन चालू ठेवनं येगळं. तुमच्या कागदात कुठं लिवलं आहे, का किती वेळ धराची? दाखवा ना!"

मधुकररावांकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. नियमाच्या पुस्तकात एक ओळ असती, तर आत्ता त्यांनी ती या माणसाच्या तोंडावर फेकली असती. इतकी वर्षं त्यांनी तीच ओळ मागितली होती. ते संतापले, आणि त्यातला अर्धा संताप कुणावर काढावा हेच त्यांना समजेना.

"कायदा नाही तोडला तुम्ही," ते म्हणाले. "पण हे ठाऊक असून डोमावर खोटी तक्रार दिली. करडीहून परत आल्यावर दुकानातला रिसीव्हर जागेवर ठेवला आणि बायकोला गप्प बसवलं."

"गप नाई बसवलं," रत्नाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती उंबऱ्यातून पुढं आली. "म्हंजे, बसवलं. पन मी बसली, म्हून बसली ना. हे म्हनले, बोलशीन तं लोक म्हन्तील तुह्याच हातानं मानूस गेला. मले ते खरंच वाटलं जी."

"रत्ना, आत जा!"

"नाई जात." ती रंभाबाईच्या समोर खाली बसली. तिचा आवाज एवढा बारीक झाला होता की जमादारही पुढं वाकला. "गंजातून हाक आली. बाई, धूर होऊन राहिला, कोंडाघर पेटलं, म्हने. मी म्हनली, मी बजारातून मानसं घेऊन आलीच. तं तो इचारे, बाई, आता फोन ठेवू काय?"

रंभाबाईचे डोळे तिच्यावर खिळले.

"आन् मी म्हनली, लाइन सोडू नोको. रोजची सवय जी तोंडाले. दिवसातून धा डाव म्हन्तो आमी एकमेकाले, लाइन सोडू नोको, लाइन सोडू नोको. सोडली का दुसरा कॉल पडते. एक डाव त्यानं ठेवला, मले वाटलं तुटला, मी परत लावला, तं यायनं त्याची रोजी कापली होती. आग लागली तरी माह्या तोंडातून तेच निंगालं. मी धावत गेली, आन् लाइनवरच राह्याचं असं समजून तो तिथं धरून बसला. बजारचा गलका आयकू येत असंन त्याले. आता येतीन, मंग येतीन, म्हनत..."

रंभाबाईनं तिला जवळ घेतलं नाही आणि ढकललंही नाही.

जमादारानं घसा खाकरला. डोमाला म्हणाला, "जा तू घरी," आणि भैय्यालालला म्हणाला, "तुमी चला. खोट्या तक्रारीचं पाहू." भैय्यालालनं खिसा चाचपला, पण या वेळी त्याचा काही उपयोग होईल असं त्यालाही वाटलं नसावं. तो चपला शोधायला लागला.

डोमा मधुकररावांच्या पाया पडायला वाकला. त्यांनी त्याला रागानंच उठवलं. नोकरी वाचली होती. अहवालात आता एकच वाक्य लिहायचं होतं, की लाइनमन निर्दोष आहे आणि ग्राहकानं नियमाप्रमाणं सर्व आकार भरलेला आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि दुसरी लिहिताना आपला हात झडेल की काय, असं त्यांना वाटत होतं.

"साहेब," रंभाबाईनं पायरीवरूनच विचारलं. "त्यानं तवा फोन ठेवला असता, तं मालकाले किती लागले असते?"

सगळ्या गावांचे, सगळ्या अंतरांचे, दिवसाचे नि रात्रीचे दर मधुकररावांना तोंडपाठ होते. झोपेतून उठवून विचारलं तरी ते सांगत. पण हे उत्तर दरपत्रकातलं नव्हतं, आणि ते देणं त्यांच्या अगदी जिवावर आलं.

"काही नाही," ते म्हणाले.

"काई नाई म्हंजे?"

"ज्यानं फोन लावला, कॉल त्याच्या हातात असतो, बाई. लावणाऱ्यानं ठेवला तरच तो तुटतो. लावला होता दुकानातून. सुखरामनं ठेवला असता, अंगणात गेला असता, पुन्हा येऊन उचलला असता, तरी लाइन तशीच राहिली असती. एक पैसा लागला नसता."

रत्नाबाईनं तोंडावर पदर घेतला. चपला सापडलेला भैय्यालाल दारात तसाच उभा राहिला.

"खात्यात हे समद्यायले ठावूक आहे?" रंभाबाईनं विचारलं.

"आहे."

"मंग त्याले काहून नाई सांगतलं कोनी?"

मधुकररावांनी डोमाकडे पाहिलं, डोमानं जमिनीकडे पाहिलं. रंभाबाई उत्तराची वाट पाहत पायरीवरच बसून राहिली.